आमच्या घरच्या शाळेवर मंडळीची नजर असू द्या

मंडळीचे पाळकसाहेब, पंचमंडळाचे सभासद आणि शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) शिक्षक-शिक्षिका यांस,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचे असे आम्ही उभयतांनी ठरवले, त्याला आता दोन वर्षे होत आली. ती सहा वर्षांची आहे. या काळात आपल्यापैकी कित्येकांनी आमचे कौतुक केले, काहींनी आडून आडून काळजी बोलून दाखवली, आणि एका ज्येष्ठ बांधवांनी तर मुलीचे नुकसान होते आहे असे तोंडावर सांगितले. त्यांची मी विशेष आभारी आहे, कारण तोंडावर बोलल्यामुळे निदान उत्तर देता आले. मात्र एक अपवाद सोडला तर आजवर कोणीही तिची वही मागून पाहिलेली नाही. कौतुक करणाऱ्यांनी पाहिली नाही आणि काळजी करणाऱ्यांनीही पाहिली नाही. आमच्या घरात काय शिकवले जाते, कसे शिकवले जाते आणि त्यातले मुलीला खरोखर किती येते, हे मंडळीने नेमाने येऊन पाहावे, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती खाजगीत न करता उघडपणे करते, कारण आणखी काही कुटुंबे याच वाटेचा विचार करू लागली आहेत, आणि जो पायंडा पडायचा तो सर्वांसाठी सारखा पडावा.

वर म्हटलेला अपवाद मंडळीतल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचा आहे. गेल्या वर्षी मुलगी तेविसावे स्तोत्र मोठ्या अक्षरांच्या पानावर बोट ठेवून घडाघडा वाचत असे. बोट शब्दाबरोबर सरकायचे, ओळ संपली की खालच्या ओळीवर यायचे, आणि ते पाहून वाचन आले असे धरून मी पुढच्या धड्याकडे वळले होते. बाई एका संध्याकाळी घरी आल्या. त्यांनी तिचे वाचन शेवटपर्यंत ऐकून घेतले, तिला शाबास म्हटले, मग पाटी मागितली आणि तीवर ‘रण’ हा शब्द लिहिला. जिने आत्ताच ‘कुरण’ वाचले होते तिला ‘रण’ वाचता येईना. ‘करण’ येईना, ‘कण’सुद्धा येईना. सबंध स्तोत्र तिला पाठ होते, आणि पानावरून फिरणारे बोट हा त्या पाठांतराचाच एक भाग होता. मी रोज तिच्या शेजारी बसत होते, आणि तरीही चार महिने ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. लाज वाटली हे खरे, पण त्याहून अधिक भीती वाटली. शिकवणारी मीच, तपासणारी मीच आणि पास करणारीही मीच असेन, तर अशा किती गोष्टी अजून झाकलेल्या असतील? शाळेत निदान शिक्षक बदलतात, तपासणीला कोणी येते, शेजारच्या बाकावरचे मूल पुढे गेलेले दिसते. घरी यातले काही नसते, आणि आईच्या मायेला मुलाची चूक लवकर दिसत नाही. पवित्र शास्त्र मुलांना शिकवण्याची आज्ञा आईबापांना देते, घरी बसता-उठता आणि वाटेने चालताना शिकवा असे सांगते. पण ती आज्ञा शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सबंध इस्राएलाला उद्देशून दिलेली आहे, हे आम्ही घरी शिकवणारे लोक सोयीस्करपणे विसरतो.

नंतर आम्ही मागे गेलो आणि अक्षरओळख पुन्हा सुरू केली. मारिया माँटेसोरी यांनी रोममध्ये १९०७ साली काढलेल्या बालगृहात मुले खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवून अक्षर शिकत; आम्ही तसेच कागद कापले, आणि जोडीला ताटात वाळू घेतली. ग, म, भ, न या क्रमाने ती बोटाने वाळूत अक्षर काढी, तोंडाने त्याचा उच्चार करी आणि ताट हलवून अक्षर पुसून टाकी. पुठ्ठ्याची अक्षरे वेगळी केली आणि काना, मात्रा, वेलांट्या यांचे तुकडेही वेगळे कापले. पहिल्या वेलांटीशी तिचे बराच काळ जमले नाही. उच्चारात जी ‘म’च्या नंतर येते ती लिहिताना ‘म’च्या आधी का लावायची, हा तिचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. पुठ्ठ्याची वेलांटी उजवीकडून उचलून डावीकडे ठेवण्याचे काम तिच्या बोटांनी पन्नासएक वेळा केले, तेव्हा कुठे ते डोळ्यांना पटले. तीन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, त्यांनी आपल्या पिशवीतले एक अनोळखी पुस्तक उघडले, आणि मुलीने अडखळत, श्वास घेत, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाच ओळी वाचल्या.

हाताने शिकवण्याचा हा प्रकार आम्ही कुठून तरी उचललेला नवा छंद आहे, असे कोणी समजू नये. मोरेव्हियन बंधुसमाजाचे बिशप योहान आमोस कोमेनियस यांनी सतराव्या शतकात मुलाची पहिली सहा वर्षे ही आईच्या मांडीवरची शाळा मानली, आणि शब्दाआधी वस्तू इंद्रियांपुढे आली पाहिजे या आग्रहापोटी १६५८ साली मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले. बालोद्यान (किंडरगार्टन) पद्धतीचा जनक फ्रोबेल हा पाळकाचा मुलगा होता. आणि आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना ती बालोद्यान पद्धत मुद्दाम शिकल्या आणि मगच परत येऊन १८८९ साली त्यांनी शारदा सदन उघडले. ठोकळे, बिया आणि वाळू हाताळत शिकणे ख्रिस्ती घराला परके नाही, याला एवढे दाखले मला पुरेसे वाटतात.

आमचा धडा कसा असतो, याचे एक उदाहरण देते. नोहाच्या तारवाचे माप आपल्या मराठी शास्त्रात हातांत दिलेले आहे: लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात. वाचता वाचता मुलीने विचारले, “कोणाचा हात?” मी पुस्तक मिटले आणि दोरी आणली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तिचा हात सुमारे एकतीस सेंटिमीटर भरला आणि तिच्या बाबांचा साडेसेहेचाळीस. तिचे तीस हात मोजून दोरीला गाठ मारली, आणि त्याच दोरीवर बाबांचे मोजले तर वीसच भरले. ती बराच वेळ गाठीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली की तारू तिच्या हाताने बांधले असते तर हत्ती बाहेर राहिले असते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हाताची दहा हातांची दोरी घेऊन आम्ही मोकळ्या मैदानावर गेलो, दोरी पाच वेळा टाकून रुंदी आखली आणि तीस वेळा टाकून लांबी चाललो. चाळीस-पंचेचाळीस मजल्यांची इमारत आडवी केली तर जेवढी भरेल तेवढे अंतर ते होते, आणि सहा वर्षांच्या पायांनी ते चालताना ती दोनदा खाली बसली. सर्वांनी एकच माप का वापरायचे, हे तिला फूटपट्टी हातात येण्यापूर्वी कळले होते. फूटपट्टी मी तिसऱ्या दिवशी दिली.

दुसरे उदाहरण येशूच्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याचे; त्यात शंभरांतले एक मेंढरू हरवते आणि मेंढपाळ ते शोधायला जातो. शंभर खडे, दहा-दहाच्या दहा ओळी. ती डोळे मिटते, मी एक खडा उचलते, आणि कोणत्या ओळीतला गेला ते तिने शोधायचे. पहिल्या दिवशी तिने एकापासून मोजायला घेतले, मध्ये चुकली, पुन्हा सुरुवात केली. आठवड्याभरात तिला कळले की सगळे खडे मोजायची गरज नसते, ज्या ओळीत नऊ आहेत ती ओळ दिसली की झाले. दशक आणि एकक हे शब्द मी त्यानंतर सांगितले. पण मला त्या धड्यातले जे आठवते ते गणित नाही. खडे डब्यात भरता भरता ती आपणहून म्हणाली, “मेंढपाळ रोज मोजत असणार, म्हणून त्याला कळलं.” हा दाखला ज्यात आहे तो लूकचा पंधरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले आहे, मेंढपाळाच्या मायेवर प्रवचनेही पुष्कळ ऐकली आहेत, पण एक कमी आहे हे कळण्यासाठी आधी कोणी तरी शंभर मोजलेले असावे लागतात, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. मंडळीकडे मी जे मागते आहे ते या मोजण्यापेक्षा फार वेगळे नाही.

आता जरा अवघड विषयाकडे येते. विश्वासाचे शिक्षणही हाताला लागेल असे करू गेले की मूल प्रश्न विचारते, आणि त्यातले काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर लगेच देता येत नाही. मोहरीच्या दाण्याचा दाखला शिकवताना मी कागदावर मोहरी ठेवली आणि मुलीच्या हातात भिंग दिले. शेजारी इतर बिया तुलनेसाठी होत्या, त्यांत खसखशीचेही बी होते. तिने दोन्ही बघितली, बोटाच्या टोकावर चिकटवून पुन्हा बघितली, आणि विचारले की खसखस तर मोहरीपेक्षा लहान आहे, मग येशूने मोहरीला सगळ्यांत लहान का म्हटले, त्याला खसखस माहीत नव्हती का. मी म्हणाले, मला विचार करायला वेळ हवा. दोन दिवसांनी मी तिला सांगितले की प्रभू शेतात पेरणी करणाऱ्या लोकांशी बोलत होता, त्या लोकांच्या बोलण्यात अगदी लहान वस्तू म्हणजे मोहरीचा दाणा असे, आणि त्याला बियांची यादी शिकवायची नव्हती, इवल्याशा सुरुवातीतून देवाचे राज्य कसे वाढते ते दाखवायचे होते. तिला ते पटले की नाही, मला ठाऊक नाही. तिने दोन्ही बिया ओल्या कापसावर ठेवल्या आणि कोणाचा कोंब आधी येतो हे पाहण्यात ती रमली. मोहरीला तिसऱ्या दिवशी कोंब फुटला.

हाच प्रश्न तिने पुढे शब्बाथ शाळेत विचारला, तेव्हा देवाच्या वचनावर शंका घेऊ नये असे उत्तर तिला मिळाले. ज्यांनी ते दिले त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. लहानशा खोलीत पंचवीस मुले आणि हातात अर्धा तास असताना माझ्याही तोंडून तेच निघाले असते. पण त्यानंतर तीन रविवार ती वर्गात एकही प्रश्न न विचारता बसली, आणि ते मला जड गेले. भिंगातून पाहणाऱ्या मुलाने वचनावर शंका घेतलेली नसते, ते वचन त्याने मनावर घेतलेले असते. ज्याला दाखल्याचे काही पडलेले नाही ते मूल बियांची तुलना करत बसणार नाही. शिक्षकांना उत्तर आलेच पाहिजे असे माझे मुळीच म्हणणे नाही. “पुढच्या रविवारी बघू” एवढे म्हटले तरी मुलाचा प्रश्न जिवंत राहतो.

म्हणून शब्बाथ शाळेपुढे एक सूचना ठेवते. सात वर्षांखालच्या वर्गात सुवर्णवचन पाठ म्हणून दाखवण्याला जेवढा वेळ जातो त्यातला निम्मा वेळ वस्तू हाताळण्याला द्यावा. रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती यांनी १९५४ पासून माँटेसोरींच्या धर्तीवर लहान मुलांना विश्वासाचे शिक्षण देण्याचे काम सुरू केले. त्यात उत्तम मेंढपाळाची, मेंढरांची आणि कोंडवाड्याची लाकडी आकृती मूल स्वतःच्या हाताने हलवते आणि शिक्षक फार थोडे बोलतो. तसा संच सुतारकाम जाणणारा कोणीही सभासद दोन-तीन दिवसांत बनवून देऊ शकेल. पाठांतर वाईट आहे असे मी म्हणत नाही. पाठ असलेले वचन संकटात तोंडी येते, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण आमच्या स्तोत्राच्या प्रसंगावरून मला हेही कळले आहे की घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला आतले काही कळले आहे की नाही, हे ऐकणाऱ्याला समजत नाही, आणि टाळ्या वाजल्या की कोणी विचारतही नाही.

घरी शिकवले म्हणजे विश्वास आपोआप मुरतो, असाही एक समज आमच्यासारख्या कुटुंबांत पसरतो आहे, आणि मला तो खोटा आणि घातक वाटतो. धड्याच्या वहीतून विश्वास देता येत असता तर प्रत्येक पाळकाचे प्रत्येक मूल विश्वासात राहिले असते. सुझॅना वेस्ली यांचे नाव या चर्चेत नेहमी येते. त्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आपली मुले घरीच शिकवली आणि मूल पाच वर्षांचे झाले की अक्षरांना सुरुवात केली, हे सर्वांना ठाऊक असते. त्या लहानपणीच मुलाची इच्छाशक्ती मोडून आज्ञेखाली आणण्याच्या मताच्या होत्या, आणि तेवढ्यापुरते मी त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. मोडलेल्या मनाने दिलेला होकार मला नको आहे. परंतु त्यांनी आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी एकटीने बोलण्यासाठी राखून ठेवली होती, आणि पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉनची संध्याकाळ गुरुवारची होती. ती रीत मी घेतली आहे. आमच्या घरी ती मंगळवारी असते. त्या वेळी धडा नसतो, प्रश्न मुलीने विचारायचे असतात, आणि मला उत्तर येत नसेल तर मी तसे सांगायचे, असा करार आहे.

मुलगी एकलकोंडी होईल, या आक्षेपाला मी हलके लेखत नाही. चुलत-मामे भावंडे आहेत, खेळायला शेजारची मुले येतात, पण रोज तीच वीस मुले भेटणे, त्यांच्याशी भांडणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच शेजारी बसणे, हे आम्ही तिला देऊ शकत नाही. आमच्या बाजूची ही खरी उणीव आहे. तसेच शाळेत मुले पाठवणाऱ्या कुटुंबांना आमच्यामुळे कमीपणा वाटला असेल तर मी त्यांची क्षमा मागते. ज्या घरात दोघांनाही पहाटेपासून कामावर जावे लागते त्यांना घरी शिकवण्याचा सल्ला देणे म्हणजे त्यांच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवणे होय. आणि आपल्या मंडळीतले जे शिक्षक दिवसभर सरकारी किंवा इतर शाळांतून मुलांना शिकवतात, त्यांच्या सेवेचा उल्लेख प्रार्थनेत फारसा होत नाही, तो व्हावा.

कायद्याविषयी थोडक्यात. घरच्या शिक्षणाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. कुठे नोंदणी आणि तपासणीच्या अटीवर मोकळीक आहे, तर जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणे सक्तीचे आहे आणि धर्माच्या कारणासाठीही सहसा सूट मिळत नाही. ज्या कुटुंबाला ही वाट धरायची आहे त्याने आपल्या ठिकाणचा कायदा आधी वाचावा आणि लपूनछपून काही करू नये. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले सव्विसावे कलम आमच्या बाजूने पुष्कळदा पुढे केले जाते, कारण शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा पहिला अधिकार त्यात आईबापांना दिला आहे. पण त्याच कलमाचे पहिले वाक्य शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे सांगते, आणि तो हक्क मुलीचा आहे, माझा नाही. १९८९ चा बालहक्क करारही मुलाच्या विचाराचे, विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य मानतो आणि आईबापांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेला धरून असावे असे म्हणतो. बंद घरात मुलांची हेळसांड होते, कधी त्याहून वाईटही घडते, आणि शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या अंगावरचे वळ पाहणारे बाहेरचे कोणी नसते. घर ख्रिस्ती आहे म्हणून तिथे असे घडणार नाही, असे समजून मंडळीने निश्चिंत राहू नये.

तेव्हा माझे म्हणणे असे, की पंचमंडळाने दोन व्यक्ती नेमाव्यात, त्यांपैकी एक तरी शिकवण्याचा पेशा जाणणारी असावी, आणि त्यांनी दर दोन महिन्यांनी घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला तासभर भेटावे. अनोळखी पान वाचायला द्यावे, खडे मोजायला लावावे, वही चाळावी, आणि काही वेळ आईबापांना बाहेर बसवून, दार उघडे ठेवून, दोघांनी मिळून मुलाशी नुसते बोलावे. जे दिसेल ते अर्ध्या पानात लिहून आईबापांना आणि पंचमंडळाला द्यावे. त्यात प्रगती नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. मुलीला शाळेची गरज आहे असे लागोपाठ दोन भेटींत आढळले, तर आम्ही तिला शाळेत घालू, आणि त्या वेळी मंडळीने त्याला आमची हार न म्हणता सोबत करावी.

या विनंतीचा विचार पंचमंडळाच्या पुढच्या बैठकीत झाल्यास पहिली भेट आमच्याच घरापासून सुरू करावी. सकाळी दहानंतर आम्ही केव्हाही घरी असतो. पाटी आणि खडे तयार असतील. वाचायचे पुस्तक मात्र येणाऱ्यांनी आपल्याकडचे आणावे, कारण आमच्या घरातली सगळी पुस्तके तिच्या ओळखीची झाली आहेत.

आपली नम्र,
घरी शिकणाऱ्या एका मुलीची आई